नदीचें भाकीत आणि माणसाचा हात

नदीला पूर येतो तो आभाळांतून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि ज्या काळीं नदीवर घाट आणि नावा यांखेरीज माणसाचें फारसें कांहीं नव्हतें, त्या काळीं ती बरोबरहि होती. डोंगरांत पाऊस किती झाला हें कळलें म्हणजे खालच्या गांवीं पाणी किती चढेल, हें अनुभवी माणसाला अदमासानें सांगतां येई. आज कृष्णेच्या कांठीं उभें राहून तोच अदमास करूं गेल्यास तो चुकण्याचा संभव फार. डोंगर तेच आहेत आणि उतारहि तेच आहेत. परंतु मधल्या वाटेवर धरणें, बोगदे, कालवे, बंधारे, पूल आणि शहरें उभीं राहिलीं आहेत, आणि नदीचें पाणी आतां जितकें उतारानें वाहतें तितकेंच माणसाच्या निर्णयानें वाहतें. अशा नदीच्या प्रवाहाचें भाकीत कसें करितात, तें कोठें साधतें आणि कोठें फसतें, हें समजून घेण्यास सांगलीच्या कृष्णेसारखें दुसरें उदाहरण महाराष्ट्रांत सांपडणें कठीण.

सांगलीस १९२९ सालीं खुला झालेला आयर्विन पूल आहे. या पुलापाशीं फुटांच्या खुणा आहेत, आणि पावसाळ्यांत सगळ्या शहराचें लक्ष त्या खुणांकडे लागलेलें असतें. पाणी ४० फुटांस पोंचलें म्हणजे इशारा आणि ४५ फुटांस पोंचलें म्हणजे धोका, असा तेथला ठराव आहे. २००५ सालीं तें ५३ फुटांच्या पलीकडे गेलें. त्यानंतर चौदा वर्षें त्या पुराची खूण भिंतीवर बोट ठेवून पाहुण्यांना दाखविली जात असे, आणि याहून वर पाणी येत नाहीं असें धरून चालण्याची लोकांस संवय झाली. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्याहि वर चढलें, आणि जुनी खूण हीच परमावधि समजून घरांत थांबलेल्या पुष्कळ कुटुंबांची फसगत झाली. त्याच पुरांत ८ ऑगस्ट रोजीं ब्रह्मनाळ गांवांतून माणसें बाहेर काढणारी नाव उलटून कित्येक जण बुडाले. २०२१ च्या जुलैंत नदीनें धोक्याची पातळी पुन्हां पुष्कळच ओलांडली. अशा रात्रीं घरच्या कर्त्या माणसाला धरणांविषयींचा वाद नको असतो. आजाऱ्याला आतांच हलवावें, कीं धान्याचीं पोतीं माळ्यावर चढवून सकाळपर्यंत थांबावें, एवढेंच त्याला ठरवावयाचें असतें, आणि त्यासाठीं उद्यां सकाळीं पाणी कोठवर येईल हें त्याला हवें असतें.

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात सांगलीपासून दूर, घाटमाथ्यावर होते. कृष्णा आणि कोयना या दोघीहि महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावतात आणि कऱ्हाडास समोरासमोर येऊन मिळतात. सांगलीजवळ हरिपूर येथें वारणा मिळते, आणि पुढें नरसोबाच्या वाडीस कोल्हापूरकडून आलेली पंचगंगा. या सर्व नद्यांचें माहेर सह्याद्रीच्या कड्यांत आहे. तेथें वर्षाला २०० इंचांच्या आगेमागें पाऊस पडतो. खुद्द सांगलीस त्याचा सुमारें आठवा हिस्सा. म्हणून सांगलीकरांच्या डोक्यावर ऊन असतांनाहि पायांशीं पूर चढूं शकतो, आणि याचें परक्या माणसाला मोठें नवल वाटतें.

पडलेल्या पावसापैकीं नदींत येतो किती, हा पुढचा प्रश्न. मुंबई इलाख्यांतील प्रसिद्ध जलतज्ज्ञ सर क्लॉड इंग्लिस यांनीं डिसूझा यांच्या सहकार्यानें १९३० च्या सुमारास पश्चिम हिंदुस्थानांतील नद्यांच्या नोंदी तपासून यासाठीं दोन साधीं सूत्रें बसविलीं. घाटासाठीं सूत्र असें : वर्षाच्या पावसाचे जितके इंच असतील त्यांचे शेंकडा ८५ घ्यावे आणि त्यांतून १२ वजा करावे. म्हणजे २०० इंचांपैकीं १५८ इंच पाणी नदीला मिळतें. सपाटीसाठीं सूत्र निराळें : पावसाच्या इंचांतून ७ वजा करावे, बाकीस त्याच पावसाच्या इंचांनीं गुणावें आणि १०० नीं भागावें. ३० इंचांचें उत्तर ६.९ इंच येतें. एके ठिकाणीं पावसाचा सुमारें चार पंचमांश भाग वाहून जातो, दुसऱ्या ठिकाणीं पाव हिस्साहि नाहीं. घाटांतील कातळ आणि पातळ माती थोड्याच पावसांत तृप्त होते. देशावरची जमीन मात्र तहानलेली असते, आणि प्रथम आपली तहान भागवून मगच उरलेलें ओढ्याला देते. हीं सूत्रें वर्षाच्या हिशेबाचीं आहेत, एका रात्रीच्या पुराचीं नव्हेत. तरी या खोऱ्याचा स्वभाव त्यांवरून चांगला कळतो.

आतां थोडें आंकड्यांकडे वळणें भाग आहे. धरणांच्या बातम्यांत टी.एम.सी. आणि क्यूसेक हे दोन शब्द रोज कानीं पडतात. टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटि घनफूट. हें सांठ्याचें माप. क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारें २८ लिटर; हें वाहण्याचें माप. ११,५७४ क्यूसेकचा प्रवाह सारखा चोवीस तास वाहिला म्हणजे एक टी.एम.सी. पाणी होतें. कोयना धरणाच्या वरचें पाणलोट क्षेत्र सुमारें ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार इंच, पाऊस पडून तो सर्व वाहून आला तर तीन टी.एम.सी.हून थोडें अधिक पाणी जमतें. आणि तें एका दिवसांत यावयाचें तर दिवसभर सरासरी ३६,००० क्यूसेकचा लोंढा धरणांत शिरतो. महाबळेश्वर किंवा नवजा येथें एका दिवसांत २०० मिलिमीटर पाऊस ही ऐन पावसाळ्यांतली अपूर्व गोष्ट नव्हे. कोयनेच्या जलाशयाची एकंदर धारणशक्ति १०५ टी.एम.सी. आहे. जलाशय अगदीं रिकामा असेल तर २०० मिलिमीटरांचे असे सोळा दिवस तो पोटांत घालील. कांठोकांठ भरलेला असेल तर एकहि दिवस त्याला झेपावयाचा नाहीं. पाऊस दोन्ही वेळीं सारखाच. सांगलीस दिसणारी नदी मात्र एकदां शांत आणि एकदां रौद्र.

धरणें येण्यापूर्वींचें गणित याहून सोपें होतें. १९३२ सालीं शर्मन नांवाच्या अमेरिकन इंजिनियरानें एक सुरेख युक्ति सुचविली. एखाद्या खोऱ्यावर ठराविक वेळांत पडलेल्या पावसांतून एक इंच पाणी वाहून आलें, तर नदीचा प्रवाह कसा चढतो आणि कसा ओसरतो, याचा आलेख एकदां काढून ठेवावा. दोन इंच आलें तर त्या आलेखाची उंची दुप्पट करावी. दुसऱ्या दिवशींहि पाऊस झाला तर तोच आलेख एक दिवस पुढें सरकवून पहिल्यांत मिळवावा. शाळेंतल्या त्रैराशिकाहून यांत फारसें अवघड कांहीं नाहीं. पुढें १९३८ सालीं मॅकार्थी यांनीं अमेरिकेंतील मस्किंगम नदीच्या कामावर असतां पुराच्या प्रवासाचें गणित बसविलें. वरच्या बाजूस उंच आणि अरुंद असलेला लोंढा खालीं येईतों बुटका आणि रुंद होतो, कारण वाटेंत तो पात्रांत, मळईंत आणि ओढ्यांच्या तोंडांत शिरून थोडा वेळ मुक्काम करितो. हा मुक्काम किती, हें त्या गणितानें काढतां येतें. दोन्ही रीति अद्यापि वापरांत आहेत. परंतु दोहोंचा पाया एकच आहे : खोरें काल जसें वागलें तसेंच उद्यां वागेल. माणसाचा हात लागलेल्या खोऱ्यांत हा पायाच हलतो.

कोयनेचेंच पाहावें. १९६० नंतरच्या दशकांत हें धरण पुरें झालें, तें पाणी अडविण्यासाठीं खरें, पण मुख्यतः विजेसाठीं. जलाशयांतील पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे नेतात, पोफळीच्या बाजूस खोल खालीं सोडून वीज काढतात, आणि मग तें पाणी वाशिष्ठी नदीवाटे चिपळूणवरून अरबी समुद्रास जातें. पूर्वेकडे वाहून बंगालच्या उपसागरास मिळणें हा ज्या पाण्याचा जन्मस्वभाव, तें अशा रीतीनें तोंड फिरवून दुसऱ्याच समुद्रांत पडतें. लवादाच्या निवाड्यानें यासाठीं ठरलेलें प्रमाण वर्षाला ६७.५ टी.एम.सी. आहे. कऱ्हाडच्या पाणीमापकाला हें पाणी कधींच दिसत नाहीं. त्यामुळें १९५० ची कऱ्हाडची नोंद आणि १९९० ची नोंद एकाच वहींत असल्या तरी त्या दोन निराळ्या नद्यांच्या नोंदी आहेत असें समजून चालावें लागतें.

यावर शास्त्रज्ञांनीं काढलेला उपाय वाण्याच्या जमाखर्चासारखा आहे. नदींत प्रत्यक्ष दिसलेलें पाणी घ्यावें. त्यांत बोगद्यांनीं व कालव्यांनीं नेलेलें मिळवावें. जलाशयांत जमा झालेलें मिळवावें. उन्हानें उडून गेलेलें मिळवावें. आणि शेतांतून पाझरून नदीला परत आलेलें वजा करावें. जी रक्कम येईल ती नदीचा नैसर्गिक प्रवाह, म्हणजे माणूस मध्यें नसता तर जें पाणी वाहिलें असतें तें. भाकीत प्रथम या नैसर्गिक प्रवाहाचें करावयाचें, आणि मग त्यांतून माणसाचे व्यवहार एकेक करून पुन्हां वजा करावयाचे. हिशेब सरळ दिसतो. पण त्यांतल्या मोठ्या रकमा मोजलेल्या असतात आणि लहान रकमा नुसत्या अंदाजाच्या. धरणाचा सांठा इंचाइंचानें लिहिला जातो. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर उंसासाठीं रात्रंदिवस चालणारे पंप, आणि विहिरींनीं ओढलेलें भूगर्भांतील पाणी, यांची खातेवही कोण ठेवणार? पावसाळ्यांत या चुका लोंढ्यांत बुडून जातात. उन्हाळ्यांत मात्र नदी इतकी क्षीण असते कीं, त्या लहान रकमा मूळ रकमेएवढ्याच होऊन बसतात.

पुराच्या वेळीं खरा कठीण निर्णय धरणाच्या दरवाजापाशीं असतो. एकाच जलाशयाकडून दोन परस्परविरुद्ध कामांची अपेक्षा आहे. वीज, शेती आणि पिण्याचें पाणी यांसाठीं पावसाळा संपतां संपतां तो कांठोकांठ भरलेला हवा. पूर अडविण्यासाठीं तो रिकामा हवा. हा तंटा मिटविण्यासाठीं प्रत्येक मोठ्या धरणाची जलाशय परिचालन सूची केलेली असते. अमुक तारखेस सांठा अमुक पातळीपेक्षां वर जाऊं द्यावयाचा नाहीं, असें तींत लिहिलेलें असतें. पण सूची केली जाते ती मागील कित्येक वर्षांच्या पावसावरून, आणि पाऊस कांहीं सूची वाचून पडत नाहीं. जुलैंत पाऊस ओढ देऊन बसला म्हणजे आहे तें पाणी सोडून देण्याचें धाडस कोणाचें होणार? सोडावें आणि पुढें पाऊस न यावा, तर उन्हाळ्यांत शिव्याशाप. राखावें आणि एकदम आभाळ कोसळावें, तर पुराचा दोष माथीं. सांडव्यावर बसलेल्या इंजिनियरावर टीका करणें सोपें आहे. त्याच्या हातीं असलेलें भाकीत चार दिवसांपलीकडे किती अस्पष्ट असतें, हें टीकाकारांनीं लक्षांत घेतलेलें बरें.

येथें एक लोकभ्रमहि दूर केला पाहिजे. धरणाचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला, असें सर्रास बोलतात. धरण नीट चालविलें तर त्यांतून सुटणारा कमाल विसर्ग आंत येणाऱ्या कमाल लोंढ्याहून अधिक असण्याचें कारण नाहीं. बहुधा तो कमीच असतो. खरी भीति दुसरीच आहे. कोयनेचें सहा वक्र दरवाज्यांतून सुटलेलें पाणी सांगलीस पोंचण्यास एक दिवसाच्या आगेमागें वेळ लागतो. त्या वेळांत वारणेचें पाणी निराळें येत असतें, आणि धरणांच्या खालच्या बाजूचा जो मोठा मुलूख कोणत्याच धरणानें अडविलेला नाहीं, त्याचे ओढे निराळेच धांवत असतात. हीं सर्व पाणीं एकाच वेळीं हरिपुरापाशीं जमलीं तर अनर्थ. बारा तासांच्या अंतरानें आलीं तर साधा पूर. म्हणून दरवाजा किती उघडला याइतकेंच तो केव्हां उघडला यालाहि महत्त्व आहे. भाकीत करणाऱ्याला आभाळाबरोबर या घड्याळाचाहि हिशेब ठेवावा लागतो, आणि तो ठेवण्यासाठीं कोयना, वारणा, धोम, कण्हेर, राधानगरी या सर्व ठिकाणचे लोक उद्यां काय करणार हें आज कळावें लागतें.

नदीच्या खालच्या बाजूकडूनहि एक प्रश्न येतो. भरून वाहणारी कृष्णा नरसोबाच्या वाडीस पंचगंगेला आंत शिरूं देत नाहीं. पंचगंगा मागें तुंबते आणि कोल्हापूरच्या बाजूस पसरते. याला मागचा फुगवटा म्हणतात, आणि तो तेथें डोळ्यांनीं दिसतो. कर्नाटकांतील आलमट्टी धरणाचा असाच फुगवटा सांगलीपर्यंत येतो कीं काय, हा वाद मात्र अनेक वर्षें चालू आहे. त्या धरणाची पूर्ण संचयाची पातळी ५१९.६० मीटर आहे. लवादानें २०१० सालीं ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली आणि महाराष्ट्रानें तिला विरोध केला. २०१९ च्या पुरानंतर श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें २०२० सालीं अहवाल दिला. त्यांत त्या पुराचें मूळ आलमट्टीपेक्षां असामान्य पाऊस आणि नदीच्या पात्रांतील व कांठांवरील अडथळे यांत पाहिलें. सगळ्यांचें समाधान त्यानें झालें नाहीं. तथापि दोन राज्यांतील धरणांनीं एकमेकांस तासातासाची खबर द्यावी, याबद्दल दोन्ही बाजूंस दुमत असण्याचें कारण नाहीं. नदीला सरहद्द ठाऊक नसते.

पात्रांतील अडथळ्यांची गोष्ट शहरांत अधिक स्पष्ट होते, आणि त्यासाठीं कृष्णेकडून क्षणभर पुण्याच्या मुठेकडे वळावें लागेल. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्याहून मोठा विसर्ग सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या बाजूस एकतानगरींतील घरांत पहाटे पाणी शिरलें. पाणी किती क्यूसेक आहे हें सांगितल्यानें तें कोणत्या पायरीपर्यंत येईल हें आपोआप सांगितलें जात नाहीं. त्या दोहोंमधील नातें प्रत्येक ठिकाणीं मोजून कोष्टकांत लिहावें लागतें; आणि कांठीं भराव पडला, पात्रांत खांब उभे राहिले, गाळ सांचला, कीं तें कोष्टक खोटें ठरतें. तोच प्रवाह पूर्वींपेक्षां वर चढतो. नकाशावरील निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची समजतात. पण पंचवीस आणि शंभर हे आंकडे जुन्या नोंदींतून आलेले, म्हणजे पुन्हां तेंच, जुन्या नदीचे. त्यांत छपरांनीं आणि डांबरी रस्त्यांनीं झांकलेल्या जमिनींत पाणी मुरत नाहीं, हा भाग निराळाच.

या सर्व अडचणींतून वाट काढण्याचे प्रयत्न आपल्या देशांत बरेच जुने आहेत. केंद्रीय जल आयोगानें १९५८ सालीं दिल्लीच्या यमुनेपासून पूर-भाकिताच्या कामास आरंभ केला. महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्यानें कृष्णा आणि भीमा या खोऱ्यांसाठीं पाऊस, पाणीपातळी आणि धरणांचे सांठे यांची माहिती यंत्रांनीं गोळा करून प्रवाहाचें भाकीत करणारी आणि दरवाज्यांविषयीं सल्ला देणारी व्यवस्था उभारली आहे. हल्लीं एकच भाकीत न करितां संगणकावर पावसाचे अनेक संभव घेऊन प्रत्येकाचा पूर काढतात, आणि उत्तर एका आंकड्यांत न देतां दोन आंकड्यांच्या मध्यें देतात. उद्यां सकाळीं आयर्विन पुलापाशीं पाणी ४४ ते ४८ फुटांच्या दरम्यान राहील, अशा धर्तीचें. पुष्कळांस हें टाळाटाळीचें वाटतें. वस्तुतः तेंच प्रामाणिक होय. मात्र तें घरोघर पोंचावयाचें तर फुटांचें भाषांतर गल्लींत झालें पाहिजे : इतके फूट म्हणजे अमुक चौक, तितके म्हणजे अमुक शाळेची पायरी. क्यूसेकचा आंकडा ध्वनिक्षेपकावरून कितीहि मोठ्यानें ओरडला तरी आजीला कोणत्या मजल्यावर न्यावें हें त्यावरून कळत नाहीं.

पूर ओसरल्यावर भाकिताचें काम संपतें असें नाहीं. तें फक्त कमी भीतीचें होतें. दिवाळीनंतर कृष्णेंत जें पाणी दिसतें तें बहुतेक धरणांनीं वेळापत्रकानें सोडलेलें असतें, आणि त्याचें भाकीत आभाळापेक्षां पाटबंधारे कचेरींत अधिक चांगलें कळतें. कोल्हापुरी बंधाऱ्यांत बर्गे घालून नदीचे लहान लहान डोह करितात आणि त्यांवर शेती व गांवें आठ महिने निभावतात. पावसाळ्याच्या तोंडावर हे बर्गे काढावे लागतात. राहिले तर पहिल्याच पुराला बंधारा आडवा येतो, आणि पाणी बाजूची जमीन कापून वाट काढतें. २०२५ सालीं मोसमी पाऊस २६ मे रोजींच मुंबईस पोंचला. जूनचा पहिला आठवडा धरून बर्गे काढण्याची तयारी करणाऱ्याला अशा सालीं एका दिवसांत माणसें गोळा करून नदींत उतरावें लागतें, आणि वरच्या खोऱ्यांत रात्रीं पाऊस किती झाला हें त्याला पहाटेच कळावें लागतें.